आजोबांची तक्तपोशी, बापाची फरशी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत एखाद्या दारात वाळूचा ढीग पडला, की ती बातमी उभ्या मारुती चौकापासून अर्ध्या शिवाजी पुतळ्यापर्यंत पोचायला वर्तमानपत्र लागत नाही. दुपारी ढिगावर पोरं असतात, संध्याकाळी मांजरं आणि रात्री जेवणं आटोपली की सल्लागार. पहिला प्रश्न ठरलेला, "काय पाडायलाय?" पेठेत कुणी नुसतं घर सजवतो यावर कुणाचा विश्वास नाही. वाळू आली म्हणजे काहीतरी पडणार आणि पडणार म्हणजे भावकीत काहीतरी झालं असणार. "पाडत न्हाई, जरा इंटिरियर करून घेतोय," असं सांगितलं, की समोरचा थोडा वेळ गप्प राहतो आणि मग तंबाखू मळत म्हणतो, "असू दे, असू दे. पैसं आल्यात न्हवं."

मग डिझायनर येते. ती बहुधा मुलानं पुण्याहून फोनवरच ठरवलेली असते. तिच्याकडं लेसरचा टेप असतो. लाल ठिपका भिंतीवर पडला की आकडा उमटतो, पण पेठेतल्या भिंतीवर तो दरवेळी वेगळा उमटतो. कारण आमची भिंत वर एका मापाची, खाली दुसऱ्या मापाची आणि मधे स्वतःच्या मर्जीची असते. काटकोन ही वस्तू आम्ही फक्त कंपासपेटीत पाहिलेली. तरीही ती चिकाटीनं घरभर फिरते आणि दोन याद्या करते. एक, काय काढायचं. दुसरी, काय राखायचं.

या दोन याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात. काढायच्या यादीत पीओपीचं छत, सनमायकाची कपाटं, निम्म्या भिंतीपर्यंतचा चॉकलेटी ऑइल पेंट आणि हॉलमधलं शोकेस. राखायच्या यादीत सागवानी खांब, दिवळ्या, खुंट्या, फडताळ आणि कडी-कोयंड्याचा दरवाजा. म्हणजे पहिल्या यादीतलं झाडून सगळं बापानं केलेलं आणि दुसऱ्या यादीतलं आजोबांनी. आणि बापानं जे जे केलं, ते आजोबांचं झाकायलाच केलेलं! बापाची आवड ती जुनाट, आजोबांची ती वारसा. कुठल्याही काळात, कुठल्याही घरात, मधल्या पिढीला कुणी वाली नाही.

छताचंच घ्या. पेठेतलं जुनं घर म्हणजे पांढऱ्या मातीच्या दोन-दोन फूट भिंती, सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी आणि तिच्यावर मातीचा जाड थर. वर माळा, त्याच्यावर कौलं. घर केवढं, हे फुटांत सांगायचं नाही, खणांत सांगायचं. वैशाखात सोप्यात आडवं झालं की पंख्याची आठवण होत नसे. पुढं गावात स्लॅबचं वारं आलं आणि लाकूड दिसणं हे गरिबीचं लक्षण ठरलं. ज्यांना स्लॅब परवडला त्यांनी घर पाडलं. ज्यांना परवडला नाही त्यांनी निदान तक्तपोशी दिसणार नाही, एवढी खबरदारी घेतली. आधी खालून प्लायवूड मारून झालं. मग पीओपी, पीओपीला गोल खाच आणि खाचेत दडवलेले निळे-गुलाबी दिवे. हे दिवे वर्षातून दोनदा लागत, दिवाळीत आणि मुलगी बघायला पाहुणे आले की.

आता तेच पीओपी उतरवायचं चाललंय. मिस्त्री पहार घालतो, धबाधब तुकडे पडतात, धूळ खाली बसते आणि वर काळंभोर सागवान दिसतं. ज्या घरात पन्नास वर्षं कुणी वर मान करून पाहिलं नव्हतं, त्या घरातली माणसं माना दुखेपर्यंत छत बघत उभी राहतात. बापानं झाकायला पैसे मोजले, मुलगा उघडायला मोजतोय. सागवानाला दोन्ही वेळा कुणी विचारलेलं नाही.

गंमत पुढंच आहे. ज्यांनी घर पाडून स्लॅब टाकला, त्यांच्या मुलांना आता त्या स्लॅबखाली लाकडी कड्या हव्या असतात. मग पोकळ पेट्यांवर लाकडाच्या रेषांचा कागद चिकटवून त्या छताला अडकवतात. त्यांच्यावर वजन काहीच नसतं, फक्त बिल असतं. याच गावात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आणली आणि रंगवलेल्या पडद्यांच्या जागी खरेखुरे वाटतील असे घडीव सेट उभे केले. खोटं घर खरं कसं दाखवावं, हे कोल्हापूरनं शंभर वर्षांपूर्वी देशाला शिकवलं. आता खरं घर खोटं दिसेपर्यंत नटवायचं शिक्षण आम्ही बाहेरून आयात करतोय.

छतानंतर फरशी. आमच्याकडं जमीन उकरणं हे पुरातत्त्व खात्याच्या तोडीचं काम. सगळ्यात वर गुजरातेतल्या मोरबीहून आलेली चकचकीत व्हिट्रिफाइड. तिच्याखाली सिरॅमिक. त्याखाली चिप्सची मोझॅक. तिच्याखाली शहाबादी. आणि तळाशी शेणानं सारवलेली जमीन, तिच्यात पुरलेल्या दगडी उखळासकट. दर पिढीत कुणीतरी शहाणा सांगायचा, "जुनी उकरत बसू नगा, तिच्यावरच बसवा. मजुरी वाचंल." मजुरी वाचत गेली आणि जमीन बोटा-बोटानं वर येत गेली. पण दाराची चौकट जिथल्या तिथं राहिली. त्यामुळं आजोबा ज्या दारातून ताठ मानेनं जात, त्यातून बाप मान लववून जायचा आणि नातू कपाळाला बाम लावून जातो. घराण्याची विनम्रता वाढली, असं पाहुण्यांना वाटतं.

या थरांतल्या कुणालाच त्या त्या वेळी कमी लेखून चाललं नसतं. मंगळुरी कौलं ही परंपरा म्हणून आज आपण गळा काढतो, पण ती बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यानं १८६५ साली मंगळुरात कारखाना काढून आणलेली नवी फॅशन होती. ती घरावर चढवताना कुठल्यातरी पणजोबांना त्यांच्या बापानं 'आपली खापरी कौलं काय वाईट होती?' असं नक्की सुनावलं असणार. नक्षीच्या सिमेंट फरशा विलायतेहून येत, तेव्हा स्वदेशीच्या ओढीनं १९२२ साली मुंबईकडं भारत फ्लोअरिंग टाइल्सची कंपनी निघाली. म्हणजे त्या काळी पायाखालची फरशीसुद्धा राष्ट्रकार्यात होती. गोदरेजचं लोखंडी कपाट १९२३ मधलं. ते माजघरात आलं आणि भिंतीतल्या फडताळाची किंमत गेली. आता ते कपाट माळ्यावर गेलंय आणि फडताळाला काचेची दारं लावून आत दिवा सोडलाय. फडताळानं शंभर वर्षं वाट पाहिली, इतकंच.

तांब्या-पितळेची कथा तर आणखी रसाळ. स्टील आलं तेव्हा घरोघरच्या बायकांनी पितळेचे हंडे, परातीपासून समया-घंगाळापर्यंत सगळं वजनावर घातलं आणि स्टीलचे डबे घेतले. झोपाळ्याच्या पितळी कड्यांचंही तेच झालं. आज त्याच घरातली सून तसलंच घंगाळ पुण्या-मुंबईच्या दुकानातून शोधून आणते, तेही पोचे पडलेलं. पोचे जेवढे जास्त तेवढी किंमत जास्त, कारण पोचे असले की अस्सल. बंबाची बढती तर डोळे दिपवणारी. जन्मभर न्हाणीच्या अंधारात शेणी आणि ढलप्या खाऊन पाणी तापवणारा तांब्याचा बंब, घासून-पुसून, पोटात मनीप्लांट घालून हॉलच्या कोपऱ्यात उभा राहतो. डिझायनर त्याच्यावर खास दिवा सोडते. सगळे फोटो काढतात. फक्त घरातली थोरली आजी सुनेला विचारते, "न्हाणीतला बंब सोप्यात आणून बसवलाईस. पावण्यांस्नी हितंच आंघोळ घालायची हाय व्हय?"

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पण भिंतीशी गाठ पडली की घर हसत नाही. पांढऱ्या मातीची भिंत जमिनीतली ओल वर घेते आणि दोन्ही अंगांनी हवेत सोडून देते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा तिला हे करू देतो. बापाच्या काळात मात्र तिला सिमेंटचा गिलावा चढला, त्यावर ऑइल पेंट आणि खाली जमिनीवर पाणी न सोडणारी फरशी. ओलीला बाहेर पडायला वाटच राहिली नाही. मग ती चढत गेली आणि पेंट संपतो तिथं, पिस्ता रंगाच्या डिस्टेंपरवर, नकाशे काढू लागली. पावसाळ्यात तिथं ऑस्ट्रेलिया दिसतो, दसऱ्यापर्यंत आफ्रिका होतो. यावर पेठेत एकच इलाज माहीत: आणखी दोन फूट टाइल्स. टाइल्स दोन फूट चढल्या की ओल तीन फूट चढते. शेवटी ती शाहू महाराजांच्या फोटोपर्यंत पोचते आणि तेव्हा कुठं घरात गंभीर चर्चा सुरू होते.

ओलीला तरी कसा दोष द्यावा? या सगळ्या गावानंच पाण्यावर फरशी बसवलीय. वरुणतीर्थ बुजवलं आणि गांधी मैदान केलं. कपिलतीर्थावर मंडई भरली. रावणेश्वराच्या तळ्यात शाहू स्टेडियम उभं राहिलं आणि आता तिथं शिवाजी तरुण मंडळ खेळायला उतरलं की पेठेतली निम्मी घरं मोकळी होतात. गांधी मैदानात मात्र जोराचा पाऊस झाला की पाणी साचतं. आपली जुनी जागा ते विसरलेलं नाही. मैदानाला जे महापालिकेला समजावता येत नाही, ते एका भिंतीला मिस्त्रीनं समजवावं, ही अपेक्षाच चूक.

याच भिंतीवर टीव्ही अडकवायचा असतो. पोरगा ड्रिल लावतो, भुस्स करून माती बाहेर येते, भोकात गिट्टी घातली की ती आत जाते ती जातेच. तिच्यामागनं दुसरी जाते. तिसरी कदाचित चुलत्याच्या माजघरात निघते. कारण भिंत सामाईक आहे. पेठेतल्या घरांच्या वाटण्या उभ्या झालेल्या. त्यामुळं घरं अरुंद आणि खोल, एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. एकाच कोरीव दरवाजाच्या मधोमध रंगाची सीमा असते, डावीकडं जांभळा, उजवीकडं पोपटी. डिझायनर म्हणते, ही मधली भिंत काढली तर केवढी मोकळी जागा होईल! होईल की. पण भिंतीपलीकडं चुलता आहे आणि वरची तुळई दोघांची आहे. तिला इकडून धक्का लागला तर तिकडं चुलतीचा माळा खाली येईल. तुळई सामाईक, बोलणं बंद, अशा अवस्थेत दोन कुटुंबं तीस-तीस वर्षं सुखानं नांदतात. एवढा समतोल भल्या भल्या इंजिनियरला साधत नाही.

मग येतं शोकेस. बाहेरच्या गावात शोकेसमध्ये काचेचा ताजमहाल आणि प्लॅस्टिकची द्राक्षं असतात. ती काढून टाकायला कुणाची हरकत नसते. पेठेतल्या शोकेसमध्ये फुटबॉलच्या ढाली असतात, कुस्तीची गदा असते, तालमीचा चषक असतो आणि कुठल्याशा सत्काराचा फेटा, बांधलेला तसाच्या तसा. डिझायनर सांगते, "काका, एखादीच वस्तू ठेवूया. नजरेला विसावा मिळतो." काका बराच वेळ विचार करतात. मग म्हणतात, "बाळ, नजरेला विसावा रंकाळ्यावर मिळतोय. हितं ढाल ऱ्हाणार." शेवटी तडजोड होते. ढाली एका भिंतीवर, सारख्या अंतरावर, मागं काळा रंग देऊन मांडल्या जातात. तालमीतल्या पोरांना ती मांडणी इतकी आवडते की आठवड्यात आणखी दोन ढाली आणून देतात.

पूर्वजांच्या फोटोंचंही असंच. पूर्वी ते छताजवळ, पुढं झुकवून, ओळीनं टांगलेले असत, म्हणजे आजे-पणजे वरून सगळ्यांवर नजर ठेवून असायचे. बापानं भिंत मोकळी दिसावी म्हणून त्यांना ट्रंकेत घातलं. आता डिझायनर ट्रंक उघडायला लावते, फ्रेमा पुसते आणि जिन्याच्या भिंतीवर पुन्हा ओळीनं लावते. पणजोबांच्या चेहऱ्यावर 'सांगत हुतो की न्हाई' असा भाव दिसतो. पण तो फोटोत आधीपासूनच होता.

सगळ्यात मोठं धाडस म्हणजे ओपन किचन. जुन्या घरात चूल सगळ्यात मागं, परड्याच्या अंगाला असायची. तिला तिथं कुणी रागानं ठेवलेली नव्हती. तिथून धूर परड्यात जायचा आणि फोडणीचा ठसका सोप्यापर्यंत येईस्तोवर थकायचा. आता मधली भिंत गेली, काळा ओटा आला, ओट्यापुढं तीन उंच स्टुलं आली. बाकी गावांचं ठीक आहे, तिथं ओट्यावर पास्ता होत असेल. इथं रविवारी तांबडा रस्सा होतो. कांदा-खोबरं भाजून चटणी तेलात पडली की चिमणी आपल्या परीनं ओढते, पण तिचा जन्म या कामासाठी झालेला नाही. सोफ्यावरचे पाहुणे आधी खोकतात, मग डोळे पुसतात, मग उठून थेट ओट्याजवळ येऊन उभे राहतात. "वैनी, जरा रस्सा घाला की वाटीत." ओपन किचनचा एवढा शुद्ध उपयोग परदेशातही झाला नसेल. चटणीचा मसाला भाजायच्या आठवड्यात मात्र काचेचं सरकतं दार लावलं जातं आणि दुसऱ्या वर्षी त्या काचेला पडदा. तिसऱ्या वर्षी तिथं भिंत उभी राहिली तर आश्चर्य वाटायला नको.

आपण पामरं काय, देवही यातून सुटलेले नाहीत. पंढरपुरात विटेवर उभ्या असलेल्या विठ्ठलालाही फरशीवाला चुकला नव्हता. २०२४ साली मंदिराच्या जतनाचं काम निघालं, पदस्पर्श दर्शन काही काळ बंद राहिलं, नंतरच्या लोकांनी भक्तिभावानं बसवलेल्या फरशा गाभाऱ्यातून काढल्या आणि मूळचा दगड मोकळा झाला. तो बघून लोक हरखले. आमच्या अंबाबाईच्या आवारातलं मणिकर्णिका कुंड मागच्या पिढीनं बुजवलं होतं, ते या पिढीनं उकरून काढलं. बुजवतानाही कुणीतरी नारळ फोडला असणार आणि उकरतानाही. नारळाचा धंदा तेवढा दोन्ही पिढ्यांत चालतो.

याचा अर्थ जुनं ते सगळं सोनं, असं नाही. 'काय सुंदर घर हो तुमचं, काही बदलू नका,' असं सांगणारे बहुतेक जण पुण्यात लिफ्टनं सहाव्या मजल्यावर जाऊन झोपतात. भर पावसात रात्री छत्री घेऊन परड्यातल्या संडासात त्यांना जायचं नसतं. लाकडी पट्ट्यांवरची कापडी वेष्टणाची वायर आणि अर्थिंग नसलेलं बटण यात सौंदर्य शोधणाऱ्याला एकदा ते बटण ओल्या हातानं दाबायला सांगावं. दोरी धरून चढायचा उभा जिना, खांबाच्या पायथ्याला लागलेली वाळवी, कौलांची गळती, हे आधी बघायचं असतं. पण त्या कामाचे फोटो निघत नाहीत. म्हणून बजेट रंगीत दिव्यांवर संपतं आणि वायर तीच राहते. वर गंमत अशी, की आजोबांच्या वेळची ती गोल काळी बटणं 'व्हिंटेज' म्हणून चौपट भावानं पुन्हा येतात, नव्या वायरवर बसायला.

आणि आता बापाबद्दल दोन शब्द बरे बोलायला हवेत. पिढ्यांचा हा नियम खरा असेल, तर त्याचीही पाळी येणारच. चिप्सची मोझॅक फरशी बघा. दहा वर्षांपूर्वी तिला कुणी हुंगत नव्हतं; आज हॉटेलवाले तीच 'टेराझो' म्हणून मिरवतात. उद्या सनमायकाचे दिवस येतील. नातवाची डिझायनर आजच्या राखाडी भिंती आणि काळे नळ बघून नाक मुरडेल, आणि माळ्यावर पीओपीचा गोल तुकडा सापडला तर दोन्ही हातांत धरून म्हणेल, "हे ओरिजिनल आहे? आणि याच्यात निळे-गुलाबी दिवे होते?" त्यासाठी एक तुकडा आत्ताच वर टाकून ठेवावा. सागवानाच्या मानानं तो हलका असतो.

हे सगळं आमच्या पेठेतल्या मिस्त्रीला पहिल्यापासून ठाऊक आहे. त्याच्या बापानं या घराला प्लायवूड मारलं, त्यानं पीओपी केलं आणि आता तोच ते पाडतोय. टीव्हीमागं नालीदार काळ्या पट्ट्या लावायच्या ठरल्या तेव्हा डिझायनर म्हणाली, केमिकलनं सरळ भिंतीला चिकटवू. मिस्त्रीनं मान हलवली. "केमिकल नगं, मॅडम. खांबास्नी लाकडी चौकट अडकवतो आणि तिच्यावर स्क्रूनं मारतो. भिताडाला हातच लावायचा न्हाई." जतनशास्त्राच्या पुस्तकांतही हेच असतं: जुन्या वास्तूत जे नवं घालाल, ते उद्या मूळ धक्का न लागता काढता आलं पाहिजे. मिस्त्रीनं ती पुस्तकं वाचलेली नाहीत, पण तीन पिढ्यांचं काढलं-घातलेलं पाहिलंय.

डिझायनर जरा दुखावली. "म्हणजे हे पुढं काढणार, असं तुम्ही आत्ताच धरून चाललाय?"

"काढणारच की. ह्यांचं पोरगं मोठं झालं, की काढतंय."

"मग बसवायचंच कशाला?"

मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल घेऊन चौकटीवर खूण केली. "आसं कसं, मॅडम? न्हाई बसवलं तर पोरानं मोठं हून काढायचं काय?"